ओल खाली असते

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की वीस-बावीस किलोमीटरवर वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा इथे एकाच ओट्यावर बसून गप्पा मारतात. गुरुवारी स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या या रस्त्याने धावत असतात. माझे तिथे जाणे झाले ते मात्र शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहामुळे. ‘दोन दिवस गावी चला, शेतावर जरा मोकळे वाटेल,’ असे तो म्हणाला. मला काय झाले आहे हे त्याने विचारले नव्हते. त्यावरूनच त्याने ते ओळखले असावे असे मला वाटले.

पत्नी जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. घरात तिच्या वस्तू जागच्या जागी राहिल्या आणि माझी प्रार्थना हळूहळू आटत गेली. ती मी सोडली नव्हती. सकाळी उठून पवित्र शास्त्र उघडत होतो, रविवारी उपासनेला जात होतो, तीस वर्षे वाजवत आलो ती चर्चमधली पेटीही वाजवत होतो. बोटे बरोबर सुरांवर पडत. पण ते गीत माझ्या आत कुठेच पोचत नसे. देवाला हाक मारावी आणि रिकाम्या खोलीतल्यासारखा आपलाच आवाज आपल्याला ऐकू यावा, असे ते दिवस होते. डिसेंबर उजाडला होता. नाताळच्या गीतांचा सराव सुरू व्हायचा होता. ‘यंदा पेटीवर दुसऱ्या कोणाला बसवा,’ हे मंडळींना कसे सांगावे, याचा विचार करीतच मी वळसंगला पोचलो.

सहकाऱ्याचे वडील शेतात होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. बैलांच्या मागे कोळपे धरून ते ज्वारीच्या ओळींमधून चालले होते. काळी जमीन उलली होती. भेगा अशा की बोट सहज आत जावे. आणि त्या भेगाळलेल्या जमिनीवर ज्वारी मात्र हिरवीगार उभी होती. मी शहरात वाढलेला माणूस. न राहवून विचारले, ‘आबा, पाऊस कधी झाला होता?’

‘दसऱ्याच्या आधी. त्यानंतर थेंब नाही.’

‘मग हे हिरवे कसे?’

आबांनी बैल थांबवले. माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, ‘सर, पाऊस पडताना दिसतो. ओल काय दिसत नाही. पण मुळांना ती कळते की.’

मी त्यांना माझ्याबद्दल एक अक्षर सांगितले नव्हते. पण त्या संध्याकाळी ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत आले आणि आजवर राहिले आहे. आज जे लिहितो आहे ते त्या वाक्याच्या आधारानेच.

एक न बोललेले दुखणे

श्रद्धा असलेल्या माणसाच्या आयुष्यात असा एक काळ येतो की ज्यात देव दूर गेल्यासारखा वाटतो. यात पाप घडलेले असते असे नाही, विचारपूर्वक नास्तिकपण आलेले असते असेही नाही. नुसता कोरडेपणा. काल ज्या गीताने डोळे भरून येत, ते आज नुसते शब्द वाटतात. ज्या वचनावर आयुष्यभर टेकलो, ते जाहिरातीतल्या ओळीसारखे वाचले जाते. हे दुखणे केवळ ख्रिस्ती माणसाचे नाही. ज्ञानदेवांच्या विरहिण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, पांडुरंग भेटत नाही म्हणून कासावीस झालेल्या तुकोबांचे अभंग ज्यांच्या घरात म्हटले जातात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्या पुलाखाली वाहणारे पाणी दोन्ही काठांना सारखेच ओळखीचे आहे.

पण ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत या कोरडेपणाला आणखी एक टोक असते. आमच्याकडे ‘तारणाची खात्री’ असा एक शब्दप्रयोग आहे. देवाने आपल्याला स्वीकारले आहे, आपण त्याचे आहोत, ही मनाची निश्चिती. लहानपणापासून प्रवचनांत ऐकलेले असते की खऱ्या विश्वासणाऱ्याला ही खात्री असते. मग ज्या दिवशी आत काहीच जाणवत नाही, त्या दिवशी माणूस दुहेरी घाबरतो. देव जाणवत नाही हे एक दुःख. आणि ‘जाणवत नाही, म्हणजे आपण कधी त्याचे नव्हतोच की काय?’ ही भीती त्याहून मोठी.

मीही घाबरलो होतो. एकदा धीर करून एका वडीलधाऱ्या प्रवचनकाराजवळ हे बोललो. त्यांनी क्षणभरही न थांबता विचारले, ‘विश्वासात कुठे खोट राहिली आहे का, ते तपासून पाहा.’ हेतू वाईट नसावा. पण तहानलेल्याला पाणी देण्याऐवजी त्याचा तांब्या घासलेला आहे का, असे विचारावे, तसे ते झाले. त्यानंतर वर्षभर मी कोणाशी बोललो नाही. अशी गप्प बसलेली माणसे प्रत्येक मंडळीत असतात. पुष्कळदा ती पहिल्या बाकावर बसलेली असतात, कारण सगळी कामे तीच करीत असतात.

ऊब आणि खात्री

घोटाळा इथेच होतो. मनाला वाटणारी ऊब आणि विश्वासाची खात्री या दोन गोष्टी आपण एकच समजतो. दोन्ही एकत्र आल्या तर फारच उत्तम. पण त्या निरनिराळ्या आहेत. पाऊस आणि ओल यांत जो फरक आहे तोच.

मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांची गोष्ट मंडळ्यांमधून नेहमी सांगितली जाते. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत त्यांचे हृदय विलक्षण रीतीने उबदार झाले आणि ख्रिस्ताने आपल्याला वाचवले आहे, याची त्यांना खात्री पटली. गोष्ट सहसा इथे संपते. वेस्लींची रोजनिशी मात्र पुढे चालू राहते. त्याच दिवशीच्या नोंदीत त्यांनी लिहिले आहे की थोड्याच वेळात मनात शंका आली : हा खरा विश्वास असेल, तर आनंद कुठे आहे? आणि पुढच्या जानेवारीत, म्हणजे आठ महिन्यांच्या आतच, आपण अजून ख्रिस्ती झालेलो नाही, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवले. ज्यांच्या उबदार हृदयाचा दाखला पुढे लाखोंना दिला गेला, त्यांचे स्वतःचे हृदय इतक्या लवकर गार पडले होते. तरीही त्याच वर्षी ते उघड्या मैदानावर प्रवचन करू लागले आणि पुढे पन्नास वर्षे घोड्यावरून आणि गाडीतून फिरत राहिले. त्यांना चालवणारी गोष्ट निव्वळ ऊब असती, तर हे घडले नसते.

केडगावची साक्ष

सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड मागे पडले की थोड्या वेळाने केडगाव येते. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ इथले. रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकाला ठाऊक आहे : १८५८ चा जन्म, संस्कृत विद्वत्ता, दुष्काळाच्या वर्षांत भटकंती करताना आईवडिलांचे आणि बहिणीचे मरण, १८८२ मध्ये आलेले वैधव्य, १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन. या चरित्रातली एक गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी काय गमावले हे आपण जाणतो. स्वकीय दुरावले, ज्या पुण्याने आदराने बोलावले होते त्या पुण्यात टीका झाली. एवढी किंमत मोजून घेतलेला धर्म. तेव्हा आतून भरून वाटायला हवे होते. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी स्वच्छपणे कबूल केले आहे की बाप्तिस्म्यानंतरची जवळजवळ आठ वर्षे त्यांना समाधान नव्हते. ख्रिस्ती धर्म त्यांना सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रंथ वाचून झाले होते, निरनिराळ्या पंथांच्या पंडितांशी वादही झाले होते. तरी मन कोरडेच राहिले.

त्या आठ वर्षांकडे जरा नीट पाहू या. याच काळात रमाबाई अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत फिरल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, भारतात परतून विधवांसाठी शाळा काढली, ती मुंबईहून पुण्याला नेली. आतून समाधान नसलेल्या बाईने हे सगळे केले. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना उमगले की आपण आजवर देवापुढे उभे राहायला स्वतःची लायकी शोधत होतो. देवाने आपल्याला स्वीकारायचे ते आपल्या पात्रतेवर नव्हे, ख्रिस्ताने जे केले त्यावर, हे त्यांनी त्या वेळी धरले आणि मग सोडले नाही. त्यांना मिळालेली खात्री स्वतःच्या मनात डोकावून मिळालेली नव्हती. मनाबाहेर घडून गेलेल्या एका गोष्टीवर ती टेकलेली होती.

ही टेकण किती भक्कम होती ते शेवटच्या वर्षात दिसले. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्ती सोपवायची असे ठरलेले, ती जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी टेबलावरून बाजूला सारले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तेव्हा ते पूर्ण होत आले होते. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापले. त्या नऊ महिन्यांत रमाबाईंच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना ज्याचे माणूस गेले आहे त्याने करावी. मला एवढेच दिसते की त्या रोज टेबलाशी बसत होत्या.

पुण्यातला एक सल्ला

रमाबाईंचा कोरडेपणा आठ वर्षांनी संपला. सगळ्यांचा संपतोच असे नाही. हे ऐकायला कठीण आहे. पण ते ऐकल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

२००७ साली मदर तेरेसा यांची खासगी पत्रे पुस्तकरूपाने बाहेर आली आणि जग चकित झाले. ही पत्रे नष्ट करावीत, अशी त्यांची स्वतःची विनंती होती. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांकडे जाण्याची हाक ऐकू आली. त्यानंतरचे काही महिने देव अगदी जवळ होता. पण कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू झाले आणि तेव्हापासून जवळजवळ मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९७ पर्यंत, त्यांना आत काळोखच जाणवत राहिला. १९५८ मध्ये काही आठवडे तो हटला, मग पुन्हा दाटला. जगाला त्यांचे हसू दिसत होते आणि त्या हसण्यामागे त्या विचारीत होत्या की देव खरोखर आहे का.

या गोष्टीत पुण्याचा एक धागा आहे, तो फार जणांना ठाऊक नाही. मूळचे ऑस्ट्रियाचे जेझुईट धर्मगुरू जोसेफ नॉयनर १९३८ साली भारतात आले. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात त्यांनी धर्मशास्त्राचे अध्यापन केले आणि २००९ साली वयाच्या एकशे एकाव्या वर्षी पुण्यातच त्यांचे निधन झाले. १९६१ च्या सुमारास कोलकात्यात मदरनी आपल्या मनाची ही अवस्था त्यांच्यापुढे मांडली. फादर नॉयनर यांनी जे सांगितले त्याचा सारांश तीन गोष्टींत देता येईल. पहिली : या काळोखावर माणसाच्या हातात असलेला उपाय नाही, तेव्हा तो आपल्याच दोषामुळे आला, असे मानून स्वतःला शिक्षा करू नका. दुसरी : देव जाणवणे ही त्याच्या असण्याची एकमेव खूण नाही, त्याच्यासाठी जीव तळमळतो आहे, हीच तो आत असल्याची खात्रीची खूण आहे, कारण जे मुळीच नाही त्याची तहान लागत नाही. तिसरी : ख्रिस्ताच्या दुःखातला हा तुमचा वाटा आहे, तुमच्या कामाचीच ती दुसरी बाजू आहे, असे समजून तो स्वीकारा.

काळोख गेला नाही. पण त्यानंतर मदरनी फादरना कळवले की इतक्या वर्षांत प्रथमच आपण या काळोखावर प्रेम करू लागलो आहोत. पुढची छत्तीस वर्षे काम चालले ते या समजुतीवर. पत्रे बाहेर आली तेव्हा काही जणांनी म्हटले, ‘पाहा, तिचा विश्वासच नव्हता.’ मला नेमके उलटे वाटते. जाणवत असताना प्रेम करणे सोपे आहे. काही जाणवत नसताना रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसणे आणि मग मरणाऱ्याच्या जखमा धुवायला जाणे, याला विश्वासाशिवाय दुसरे कोणते नाव द्यायचे?

शास्त्रातली कोरडी पाने

वळसंगहून परतल्यावर मी पवित्र शास्त्र पुन्हा हाती घेतले. पण या वेळी दिलासा देणारी वचने शोधली नाहीत. माझ्यासारखी माणसे शोधली. आणि ती इतकी सापडली की मला नवल वाटले.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. आम्ही लहानपणी पाठ केली ती मेंढपाळाची आणि हिरव्या कुरणांची. पण या संग्रहाचा फार मोठा भाग म्हणजे गाऱ्हाणी आहेत. बेचाळिसाव्या स्तोत्रात पाण्यासाठी धापा टाकणारी हरिणी आहे, त्रेसष्टाव्यात रुक्ष आणि निर्जल भूमी आहे. तेराव्यात ‘किती दिवस?’ असा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे. अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारात राहते, त्याचा शेवटही आशेच्या ओळीने होत नाही. ज्यांनी हा ग्रंथ एकत्र केला त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही. उपासनेत म्हणायच्या गीतांमध्ये ते ठेवले. म्हणजे देवापुढे कोरडेपणाने येण्याचीही परवानगी आहे, त्यासाठी शब्दसुद्धा आयते दिलेले आहेत. आणि खुद्द येशूने वधस्तंभावर, देवाने आपल्याला टाकले, असा आक्रोश केला तो बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत. ज्या ठिकाणी तो जाऊन आला, त्या ठिकाणी उभे राहिल्याने कोणी त्याच्यापासून तुटत नाही.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला त्याहून जवळची वाटली. मोठा विजय मिळवून आलेला हा माणूस त्यानंतर लवकरच रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो. तो प्रवचन करीत नाही, विश्वासातली खोट तपासत नाही. तो निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचा मंद आवाज त्याला ऐकू येतो तो त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर.

कोळपणी

आबा त्या दिवशी कोळपे का चालवत होते, हे मला नंतर कळले. सोलापूरची रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ती पुढे सगळी थंडी साठलेल्या ओलीवर काढते. पाऊस तिला भेटतो तो पेरणीपूर्वी. नंतर सहसा भेटत नाही. खोल काळ्या जमिनीने जे धरून ठेवले त्यावर ती पोसते. आपल्या मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी अशाच जमिनीसाठी नावाजली गेली. पण जमीन उलली की भेगांतून ओल उडून जाते. म्हणून पीक आठ आठवड्यांचे झाले की दातेरी कोळप्याने माती हलवून भेगा बुजवायच्या. कोळपल्याने पाऊस पडत नाही. जे आहे ते टिकते.

कोरड्या दिवसांतली साधना अशी असते. त्या दिवसांत प्रार्थना लांबवून, उपास वाढवून, आवाज चढवून देवाला खाली ओढता येत नाही. मी ते करून पाहिले आहे. पण लहान, ठरलेल्या गोष्टी चालू ठेवता येतात. सकाळचे एक स्तोत्र, भले मन लागो वा न लागो. प्रभुभोजनाची भाकर, ती जिभेला लागते, तिच्यासाठी भावना जमवावी लागत नाही. एखाद्या आजाऱ्याला भेटून येणे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर पूर्वजांचे म्हणणे. आणि एकाला तरी खरे सांगणे. ‘मला काही जाणवत नाही’ हीसुद्धा प्रार्थनाच आहे, कारण ती कोणाला तरी उद्देशून असते.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक कोरडेपणा आध्यात्मिक नसतो. झोप उडाली असेल, अन्न नको वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, जगू नये असे विचार येत असतील, तर ते नैराश्याचे आजारपण असू शकते. अशा वेळी पाळकांइतकीच डॉक्टरांची गरज असते आणि डॉक्टरांकडे जाण्यात अविश्वास नाही. एलीयाला आधी भाकर मिळाली, हे विसरू नये.

दुसरी गोष्ट वळसंगनेच शिकवली. या गावात एक विहीर आहे. सार्वजनिक पाण्यावर ज्यांना हक्क नव्हता त्या दलित बांधवांनी ती स्वतःच्या श्रमाने खणली, आणि १९३० च्या दशकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिच्यासाठी इथे येऊन गेले. तिच्याविषयी ऐकले तेव्हा मला वाटले, काही तहान देवाच्या मौनामुळे लागत नाही. माणसांनी पाणी अडवल्यामुळे लागते. मंडळीत ज्याला कोणी विचारत नाही, ज्या विधवेला कामापुरते बोलावले जाते, ज्या तरुणाच्या प्रश्नांना दटावून गप्प केले जाते, त्यांचा कोरडेपणा आपण निर्माण केलेला असतो. त्यांना धीराचा उपदेश करण्याआधी आपण आपला हात आडवा आहे का, ते पाहावे. आणि ती विहीर आणखी एक सांगते. खणणाऱ्यांच्या हाताला आधी नुसती कोरडी माती आणि दगडच लागतात. पाणी नंतर लागते.

त्या वर्षीचा नाताळ

सोलापूरला परतल्यावर मी पेटीबद्दल कोणाला काही बोललो नाही. सरावाला गेलो आणि बसलो. नाताळच्या सकाळी पहिले गीत सुरू होताच माझे डोळे भरून आले, असे लिहिले तर वाचणाऱ्याला बरे वाटेल. तसे काही झाले नाही. मी वाजवत होतो आणि आत शांत, कोरडे होते. पण मागच्या बाकावर एक म्हातारी बाई सूर सोडून, मोठ्याने, पूर्ण भरवशाने गात होत्या. मला वाटले, आज माझ्या वाटचा विश्वासही या बाई गाताहेत. उद्या कदाचित त्यांच्या वाटचा मी वाजवीन. मंडळी असते ती यासाठीच. आणि त्या क्षणी मला एवढे कळले की मी घाबरलेला नाही. ऊब आली नव्हती, भीती मात्र गेली होती. खात्री कदाचित आधी अशीच येते, आवाज न करता.

पुढे काय झाले? काही सरी आल्या, काही महिने पुन्हा कोरडे गेले. आता मी दर वेळी जमीन उकरून बघत नाही.

त्या मार्चमध्ये वळसंगहून ज्वारीचे एक पोते घरी आले. आबांनी पाठवले होते. पत्नी गेल्यापासून घरात भाकरी अशी झालीच नव्हती. शेजारच्या वहिनींनी पहिली थापून दिली. ताटाशी बसून मी सवयीने हात जोडले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागायला सांगितली आहे. भरलेले मन मागा असे कुठे सांगितलेले नाही. समोरच्या भाकरीतल्या दाण्यांवर सबंध हिवाळ्यात पावसाचा एक थेंब पडलेला नव्हता. मी ती मोडली आणि जेवलो.